डिस्क रिकामी, नाव भरलेलं

आम्ही होस्टेलला होतो तेव्हा मेसच्या वहीत एका पासआउट सीनियरच्या नावावर वर्षभर चहा लिहिला जात होता. पिणारे आम्ही, खातं त्याचं! तेव्हा पोट धरून हसलो होतो. नोकरीत याच प्रकाराने मला घाम फोडला.

२००५ साल. पुण्यातल्या एका कंपनीत मी ट्रेनी होतो. काम एएस/४०० वर. आयबीएमने १९८८ साली आणलेलं हे मिडरेंज मशीन. २००० साली त्याचं नाव आयसीरीज झालं, पण ऑफिसात सगळे ‘फोर हंड्रेड’च म्हणायचे. काळा पडदा, हिरवी अक्षरं.

त्या रात्री नाइट शिफ्टला मी एकटाच. अडीच वाजता एका कारखान्याच्या पगाराचा जॉब बंद पडला. मेसेज काय, तर युजर प्रोफाइलची स्टोरेजची मर्यादा संपली. उजाडलं की सात तारीख, कामगारांचा पगाराचा दिवस!

डिस्क बघितली, तर जेमतेम ६१ टक्के भरलेली. माझ्या प्रोफाइलला मर्यादाच नव्हती. मग संपलं काय? मेसेज नीट वाचला. प्रोफाइल होतं आमच्या ऑपरेटर काकांचं, आणि काका तर दोन वर्षांपूर्वीच रिटायर झालेले!

म्हटलं, माणूस नाही तर प्रोफाइल कशाला? इमर्जन्सीसाठी ठेवलेलं सीलबंद पाकीट फोडलं, सिक्युरिटी ऑफिसरच्या पासवर्डने आत शिरलो आणि प्रोफाइल डिलीट करायला गेलो. मशीनने नकार दिला. काकांच्या नावावर ऑब्जेक्ट्स आहेत म्हणे. हेल्पमध्ये शोधलं, तर ऑब्जेक्ट्ससकट उडवायचाही पर्याय होता. तो टाइप केला. एंटरवर बोट ठेवलं, आणि का कोण जाणे, भीती वाटली. सीनियर सरांना फोन लावला.

“हात काढ कीबोर्डवरून!” सर ओरडलेच. “आधी त्यांच्या नावावर काय काय आहे ते बघ.”

यादी काढली. पानंच्या पानं! त्यात पगाराची मुख्य फाइलसुद्धा.

सरांनी फोनवरच समजावलं. या मशीनवर प्रत्येक ऑब्जेक्टला मालक असतो. जागा वापरणाऱ्याच्या नाही, मालकाच्या खात्यावर पडते. फाइलमधला प्रत्येक बदल जर्नल रिसीव्हरमध्ये नोंदला जातो. नोंदी सगळ्यांच्या, पण रिसीव्हर काकांनी बनवलेला, म्हणून भार काकांवर. त्यांच्या प्रोफाइलला कुणीतरी कधीकाळी किलोबाइट्समध्ये मर्यादा घातली होती. ती त्या रात्री भरली.

मर्यादा बदलून ‘नोमॅक्स’ केली. जॉब सरांनी सांगितला तसा पहिल्यापासून चालवला. साडेपाचला संपला. पुढच्या आठवड्यात सरांनी सगळी मालकी एका वेगळ्या प्रोफाइलकडे दिली, ज्यावर कुणी माणूस साइन-ऑन करत नाही. काकांचं प्रोफाइल त्यानंतरच काढलं.

सर मला रागावले नाहीत. पण ते एंटरवरचं बोट मी अजून विसरलेलो नाही. कारखान्यातल्या माणसांचा महिना त्या बोटाखाली होता.

आज मी याच कॉलेजात शिकवतो. लॅबच्या सर्व्हरवर पासआउट मुलांची अकाउंट्स दिसली की काढून टाकायला हात शिवशिवतो. पण आधी यादी काढतो. तुम्हीही जाताना आपल्या नावावर काय आहे ते बघा आणि कुणाच्या तरी हाती सोपवून जा.

मेसच्या वहीतलं सुद्धा!