मुक्काम पोस्ट, घरचं क्लाऊड

घरचं क्लाऊड बसवायला फार वेळ लागत नाही. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय, त्यावर लिनक्स, डॉकर आणि नेक्स्टक्लाऊड. एका फाइलमध्ये थोड्या ओळी लिहिल्या की ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं. घरच्यांना वाटतं, झालं काम. माझं तिथून सुरू होतं.

वसई-विरारमध्ये मला बोलावतात ते बहुधा फोटोंसाठी. 1 जून 2021 पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली. मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून 15 जीबी. आमच्याकडच्या लग्नाचे व्हिडिओ एवढ्यात कुठले मावायला!

अ‍ॅपचं पॅकेज बांधताना आत काय घालायचं यापेक्षा बाहेर काय ठेवायचं, याला जास्त अक्कल लागते. डॉकरमध्ये अ‍ॅप ज्या बंद डब्यात चालतं, तो कंटेनर म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू. अपडेट आलं की जुना जातो, नवा येतो. म्हणून फोटो, डेटाबेस आणि सेटिंग्ज बाहेर, डिस्कवरच्या ठरलेल्या फोल्डरांतच हवेत. त्या फोल्डरांची मालकीही नीट लावावी लागते. अपलोड होत नाही म्हणून सगळ्यांना सगळे हक्क देऊन मोकळं होणं मला खपत नाही.

खरी परीक्षा वीज घेते. जुलै 2018 च्या पावसात रुळांवर पाणी चढून विरारच्या लोकल थांबल्या आणि वसईच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती. एवढा पाऊस दरवर्षी नसतो, पण वीज जायला तेवढा लागतही नाही. ती रात्री कधीतरी परत येते, तेव्हा घरात सगळे झोपलेले असतात. मशीन आपणहून सुरू झालं पाहिजे, आधी डेटाबेस उठला पाहिजे, मग अ‍ॅप. यात एक छुपा घोळ असतो. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क हळू जागी होते. ती जोडली जायच्या आतच कंटेनर उठला, तर त्याच नावाचं रिकामं फोल्डर त्याला दिसतं आणि नवे फोटो रास्पबेरी पायच्या छोट्या मेमरी कार्डावर जाऊ लागतात. नेक्स्टक्लाऊडकडे यावर इलाज आहे. त्याच्या डेटा फोल्डरात एक लपलेली खूणफाइल असते. ती सापडली नाही तर अ‍ॅप कामच नाकारतं. ज्याने हे सुचवलं त्याच्या घरचीही वीज जात असावी! मी माझ्या पॅकेजमध्ये तशीच तपासणी घालतो: डिस्क नाही, तर अ‍ॅपही नाही.

बाहेरून पोहोचणं त्यामानाने सोपं झालंय. राउटरला मिळालेला पत्ता 100.64 ते 100.127 मधला असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली आहेत. पोर्ट उघडून उपयोग नाही. वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा एखाद्या भाड्याच्या सर्व्हरमार्गे काढावा.

बॅकअपबद्दल मात्र मी हट्टी आहे. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी करणं हा बॅकअप नव्हे. त्याचा रीतसर डंप घ्यावा आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. ती प्रत दुसऱ्या मशीनवर उभी करून तुमचे फोटो तुम्ही स्वतः उघडून पाहा. तोवर गुगलवरचा एकही फोटो पुसू नका.