ओला पंचा

आमची 1978 सालची पद्मिनी मे महिन्यात, भर दुपारी, साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बंद पडली. तिथंच पडणार! बॉनेट उघडलं. बँकेत हयात गेल्यामुळे मी प्रत्येक गोष्टीचा ताळा करून पाहतो. बॅटरी? स्टार्टर जोरात फिरतोय. प्लगची वायर काढून पाहिली, ठिणगी निळीशार. टाकी अर्धी भरलेली. म्हणजे जमेला सगळं, आणि गाडी बुडीत खात्यात! मागून ट्रकचे हॉर्न, शेजारून बायकोचं मौन. (जास्त जोरात काय वाजतं, ते विवाहितांना सांगायला नको.)

अण्णा मागे बसले होते. हल्ली ते मला ओळखतातच असं नाही. सावकाश उतरले, खांद्यावरचा पंचा भिजवला नि इंजिनाला चिकटलेल्या त्या छोट्या पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला.

"उकाड्यानं आत पेट्रोलची वाफ झालीय. वाफ पुढं ढकलणं पंपाला जमत नाही. गार होऊ दे."

वीस मिनिटं थांबलो. चावी फिरवली. दोनदा खोकली नि चालू!

"अण्णा, बरं लक्षात राहिलं हो तुमच्या!"

"गाडी माझीच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे निरखून पाहत, "तुम्हाला कुठं सोडायचं?"