दोन इंजिनांची जेनी

कर्टिस कंपनीचे ‘ट्विन जेएन’ हे १९१६ सालचे टेहळणी विमान हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच तयार झाले. विमानविद्येच्या ग्रंथांत त्याच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते, आणि त्या ओळीत ‘प्रायोगिक’ हा शब्द असतो. मला हा शब्द फार सोयीचा वाटतो. तो लिहिला की प्रयोग कशासाठी झाला हे विचारावे लागत नाही.

मित्रहो, त्यासाठी मेक्सिकोच्या सीमेवर जावे लागेल. ९ मार्च १९१६ रोजी पांचो व्हिलाच्या स्वारांनी न्यू मेक्सिकोतील कोलंबस गावावर छापा घातला. जनरल पर्शिंग फौज घेऊन त्याच्या मागावर निघाले. सोबत कॅप्टन बेंजामिन फुलॉय यांची पहिली एरो स्क्वाड्रन होती. तिच्यापाशी जेएन-३ जातीची, म्हणजे ‘जेनी’ कुळातील, आठ विमाने होती. १९ मार्चच्या सायंकाळी आठही विमाने कासास ग्रांदेसकडे झेपावली. त्या रात्री तेथे एकही पोहोचले नाही. एक माघारी फिरले, चार वाटेतच उतरली, तीन अंधारात हरवली. पुढे सिएरा माद्रेची शिखरे ओलांडण्याइतके बळ त्या इंजिनांत नसल्याचे दिसले; कोरड्या उष्म्याने लाकडी पंख्यांचे थर सुटू लागले. २० एप्रिलपर्यंत कशीबशी दोन विमाने उरली. ही दैना पाहून अमेरिकी काँग्रेसने ३१ मार्चला ५ लाख डॉलर आणि ऑगस्टमध्ये १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर मंजूर केले.

ट्विन जेएन याच वर्षीचे. जेएन-४ चीच घडण वाढवून पंखांच्या दोन मजल्यांमध्ये, दोन्ही अंगांना एकेक ओएक्सएक्स इंजिन बसवलेले. बळ वाढले, शिवाय नाकाडावरचे इंजिन दूर झाले. टेहळणी करणाऱ्याला समोरची जमीन मोकळी दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. साध्या जेनीत त्याच्यापुढे इंजिन आणि खाली पंख येत. परंतु त्या काळची इंजिने बेभरवशाची. दोन इंजिने म्हणजे त्यांतले एक बंद पडण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट. आणि उरलेले विमानाला एका अंगाला खेचणार. एकट्याच्या जोरावर ते उंची राखील याचीही शाश्वती नसे. फुलॉय यांच्या स्क्वाड्रनला मे महिन्यात मिळाली ती १६० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनाची कर्टिस आर-२ विमाने. माझ्या मते प्रश्न दोघांचा एकच होता, उत्तरे तेवढी दोन.

आणखी एक. १९ मार्चच्या रात्री हरवलेल्या तिघांत लेफ्टनंट एडगर गोरेल होते. काही दिवसांनी ते सुखरूप परतले. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी हवाई दलाच्या युरोपातील कामगिरीची कागदपत्रे त्यांच्याच देखरेखीखाली संकलित झाली. अडीचशेहून अधिक खंडांचा तो संग्रह आजही अभ्यासक ‘गोरेलचा इतिहास’ याच नावाने मागवतात.