घरचे मैदान

भाईंदर पूर्वेला आमचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान आहे. भांडी घडवणारे कारखाने इथलेच, कारागीर इथलेच आणि बरीच वर्षे गिऱ्हाईकही इथलेच होते. अलीकडे मात्र एक नवा प्रकार नित्याचा झाला आहे. गिऱ्हाईक येते, कुकर हातात घेते, झाकण लावून पाहते, बुडाची जाडी विचारते, मग खिशातून फोन काढून त्याचे छायाचित्र घेते आणि ‘विचार करून सांगतो’ म्हणून पायरी उतरते. चार दिवसांनी तोच कुकर कुरिअरने त्याच्या घरी पोहोचतो. शिटी बिघडली की तो पुन्हा आमच्याच दुकानात येतो.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी जेवताना मी या विषयावर तावातावाने बोलत होतो. ‘लोकांना दूरचे तेवढे गोड लागते. शेजारच्या दुकानाचे शटर कायमचे खाली आले म्हणजे समजेल!’ समोर मुलगा बसला होता, अंगात लिव्हरपूल संघाची लाल जर्सी. तो शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, आमच्या मैदानावरच्या संघाच्या बाबतीत तुम्ही दुसरे काय केलेत?’

माझा घास हातातच राहिला. या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो आहे.

माझे आजोळ कोल्हापूरचे. मामा गुळाच्या अडतीवर बसत. पण मोठा सामना असला की अडत मुनीमजींवर सोपवून माझे बोट धरून शाहू स्टेडियम गाठत. कोल्हापूरचे फुटबॉल हे एक नवलच आहे. तिथल्या संघांची नावे कुस्तीच्या तालमींवरून पडलेली : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. पेठ कोणती, यावर माणसाचा संघ ठरतो. मैदानावरचा खेळाडू हा कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी भाडेकरू, कोणाच्या तरी वर्गातला. काल ज्याने पेनल्टी वाया घालवली, तो आज सकाळी गंगावेशीत दूध प्यायला आलेला दिसे. मामा त्याला चार शब्द सुनावत, आणि मग त्याच्या दुधाचे पैसेही स्वतःच देत. संघाचा माणूस म्हणजे घरचा माणूस, हे मी त्या वयात न शिकवता शिकलो.

पुढे व्यापारासाठी भाईंदरला आलो आणि हे सारे मागे राहिले. मुलाने ते पुन्हा घरात आणले, पण सात हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एका शहराच्या नावाने. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. 2019 च्या मे महिन्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, लिव्हरपूलने बार्सिलोनाला 4-0 असे हरवले. पहिला सामना ते 3-0 असा गमावून बसले होते. त्या रात्री आमच्या घरात जो जल्लोष झाला, त्याबद्दल सकाळी शेजाऱ्यांची क्षमा मागावी लागली. उत्तम खेळ कुठेही असो, तो पाहून मन मोठे होते. मी स्वतःही हळूहळू त्या खेळाडूंची नावे, जागा, सवयी पाठ केल्या. बाप-लेकांना बोलायला एक विषय मिळाला, हेही काही थोडे नव्हे.

पण त्याच्या एक वर्ष आधीची एक संध्याकाळ सांगितली पाहिजे. 1 जून 2018 रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताने चायनीज तैपेईला 5-0 असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहायला मैदानावर होते जेमतेम अडीच हजार लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसारित केली. युरोपातल्या संघांवर प्रेम करणाऱ्यांनाही त्याने हात जोडले. आमचा दर्जा त्यांच्याइतका नाही हे मान्य, पण मैदानावर या. वाटल्यास आमच्यावर टीका करा, ओरडा, पण या, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. फोन माझ्यासमोर धरून म्हणाला, ‘अण्णा, जाऊ या का?’

4 जूनला, सोमवारी, आम्ही गेलो. सूर्यास्तापूर्वी दुकानातच डबा उघडून जेवलो, लोकलने अंधेरी गाठली, तिथून मेट्रोने आझादनगर. पाऊस नुसता कोसळत होता. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना, समोर केनियाचा संघ, आणि तिकिटे सगळी संपलेली. भारत 3-0 असा जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे. आम्ही नखशिखान्त भिजलो होतो. परतीच्या लोकलमध्ये मुलगा म्हणाला, ‘टीव्हीवर बॉल लाथाडल्याचा असा आवाज येत नाही.’ तीन दिवसांपूर्वी ओस पडलेले तेच मैदान केवळ माणसे आल्यामुळे बदलले होते. मला वाटले, मला धडा मिळाला. पण एका रात्रीचा उत्साह वेगळा आणि नेम वेगळा.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या वसाहतीतले एक निवृत्त रेल्वे कर्मचारी जवळच्या मैदानावर वीसेक मुलांना फुटबॉल शिकवीत असत. माझा मुलगाही त्यात होता. डाव्या बगलेचा बचावपटू. 2019 च्या उन्हाळ्यात ते गृहस्थ दुकानात आले. गोलखांबांच्या जाळ्या फाटल्या होत्या, दोन-तीन बॉल हवे होते. खर्च सहा हजारांचा. मी ‘धंदा मंदा आहे’ म्हणालो, पाचशे एक रुपये दिले आणि पावती मागून घेतली. त्यांनी पावती दिली, आणि जाता जाता म्हणाले, ‘रविवारी सामना आहे, या.’ मी गेलो नाही. त्याच आठवड्यात मुलाच्या वाढदिवसासाठी मी साडेचार हजारांची अस्सल लिव्हरपूलची जर्सी मागवली होती. तीही फोनवरूनच.

पुढल्या वर्षी टाळेबंदी आली. मैदान पुन्हा उघडले तेव्हा संघ उरला नव्हता. कोणी शिकवणीला लागले, कोणी दुसरीकडे राहायला गेले; रविवारच्या त्या वेळेला मैदानात कधी मांडवाचे बांबू पडलेले असत, कधी गाड्या उभ्या असत. ॲनफिल्डवर कोण कोणत्या जागी खेळतो हे मला तोंडपाठ होते. माझा स्वतःचा मुलगा डाव्या बगलेला कसा खेळतो, हे मी एकदाही पाहिले नव्हते.

आपल्या शहरात फुटबॉलची परंपरा नव्हती, अशी सबब मी स्वतःला देत असे. तीही टिकत नाही. मुंबईच्या रोव्हर्स चषकाची सुरुवात 1891 सालची, आणि लिव्हरपूल क्लबची स्थापना 1892 सालची. म्हणजे मुलाच्या लाडक्या संघापेक्षा आपली स्पर्धा एका वर्षाने वडील! कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे तो चषक जिंकला. 2000-01 नंतर ती स्पर्धा थांबली. मुंबईचाच महिंद्रा युनायटेड हा संघ 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि 2010 मध्ये बंद झाला. 2007 साली निघालेला मुंबई एफसी दहा वर्षांत मिटला. लोकलने तासा-दीड तासावर हे सारे घडत होते, आणि मला त्याच्या बातमीचाही पत्ता नव्हता. 2014 साली स्थापन झालेल्या मुंबई सिटी संघाने पुढे दोनदा इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. त्याचे मैदान तेच अंधेरीचे, जिथे आम्ही एकदाच भिजून परतलो होतो.

मुलाच्या लिव्हरपूलनेही मला एक गोष्ट शिकवली. 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी आपली वेगळी लीग काढण्याची घोषणा केली. लिव्हरपूल त्यांत होता. जगभरातल्या दूरच्या प्रेक्षकांचा पैसा त्यांना खुणावत होता. पण त्या त्या गावातले पाठीराखे संतापले. ॲनफिल्डच्या कुंपणावर निषेधाचे फलक लागले, लंडनमध्ये चाहते रस्त्यावर उतरले. दोन-तीन दिवसांत इंग्लंडमधल्या सहाही क्लबांनी माघार घेतली आणि लिव्हरपूलच्या मालकांनी पाठीराख्यांची जाहीर क्षमा मागितली. व्यापारी म्हणून मला यात एक सरळ हिशेब दिसतो. दूरचा चाहता त्या क्लबच्या खतावणीत गिऱ्हाईक म्हणून नोंदलेला असतो. मैदानाशेजारचा पाठीराखा तिथला घरचा माणूस असतो. आपण टीव्ही बंद केला तर लिव्हरपूलचे काहीही अडणार नाही. आपल्या मैदानावरच्या संघाचे मात्र आपण न गेल्याने अडते. आणि ज्या लिव्हरपूलकरांचे आपल्याला इतके कौतुक, ते तरी काय करतात? पिढ्यानपिढ्या ते आपल्याच गल्लीतल्या संघाच्या मागे उभे राहतात. त्यांचे अनुकरण भाईंदरलाच करता येते, त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

त्या जेवणानंतर दोन दिवसांनी मी निवृत्त रेल्वेवाल्या काकांचे घर शोधत गेलो. खिशात सहा हजार रुपये होते. त्यांनी गॅलरीतले एक पोते उघडून दाखवले. आत जुन्या फाटक्या जाळ्या नीट घडी करून ठेवल्या होत्या. पैशांकडे न पाहता म्हणाले, ‘ते नंतर बघू. रविवारी सकाळी सात वाजता नुसते येऊन उभे राहा. कोणी बघत असले की पोरे वेगळी धावतात.’

आपल्या समाजाला देणगी देणे नवे नाही. गोव्यात तर धेंपो, साळगावकर यांसारख्या उद्योजक घराण्यांनी आपल्या नावाचे संघ दशकानुदशके चालवले, आणि धेंपो संघ पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला. एवढे मोठे काम आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण दुकान उघडण्यापूर्वीचा एक तास आपल्या प्रत्येकाकडे असतो. पावती फाडणे सोपे आहे. काठावर जाऊन उभे राहणे मला तरी जड गेले होते.

आता रविवारी सकाळी मैदानावर मी असतो. मुले कधी चौदा येतात, कधी सहा. जाळ्या नव्या बांधल्या आहेत. मुलगा लहानांना बचाव कसा करायचा ते शिकवतो आणि अधूनमधून स्वतःही खेळतो. अंगात अजून तीच लाल जर्सी असते, रंग थोडा उतरलेली. मध्यरात्रीचे सामने तो आजही पाहतो आणि मीही कधी कधी शेजारी बसतो. पण मागच्या रविवारी डाव्या बगलेवरून त्याने एक बॉल अडवला, आणि माझ्या तोंडून जी आरोळी निघाली, ती शाहू स्टेडियमवर मामांच्या तोंडून ऐकली होती तशीच होती.