ब्रेकमधली हवा

ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. आम्ही असल्फ्याच्या टेकडीवर राहतो; उतार चुकत नाही. उजव्या पुढच्या चाकाचा रबरी होज बाहेरून धड दिसत होता, पण रबर आतून फुगलं की तेलाची वाट अडते आणि त्या चाकाला ब्रेक उशिरा लागतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन्ही बाजूंचे होज, तांब्याचे नवे वॉशर आणि ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणली. हे तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून आधीची उघडी बाटली वापरायची नाही. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवली.

होज एकट्याने बसवता येतो. हवा काढायला दोघं लागतात. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. बुडबुडा राहिला की पेडल खाली बसतं. लेक सीटवर, मी चाकाशी.

"अब्बू, छोडूं?"

"अभी नहीं!"

मी निपल आवळण्याआधी तिने पाय उचलला, तर हवा परत आत.

पेडल घट्ट झालं. जोड कोरडे आहेत ना पाहिलं, सपाट गल्लीत चारदा ब्रेक मारला, मगच उतारावर गेलो. लेकीचं लर्निंग लायसन्स नुकतंच आलंय. उद्यापासून याच उतारावर ती शिकणार आहे.