डावा कान की डावा हेडफोन?

या ब्लॉगवर मी एरवी साखर, रक्तदाब, थायरॉईड यांबद्दल लिहितो. आज हेडफोनबद्दल लिहिणार आहे. दवाखाना बंद करून दुसरा धंदा सुरू केलेला नाही. थोडे शेवटपर्यंत वाचा, गाडी कानावरच येणार आहे.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याला हेडफोन उघडून त्यात फेरफार करण्याचा नाद आहे. फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा टी ५० आरपी नावाचा एक मॉडेल आहे. हेडफोन उघडून बसणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींचा तो लाडका, कारण चार स्क्रू काढले की सगळे हाताशी येते. आतला पडदा चपटा, पातळ फिल्मचा, दोन्ही बाजूंनी चुंबके. मुळात हा हेडफोन अर्धवट उघडा असतो, म्हणजे वाटीला बारीक फटी असतात. भाच्याने त्या बुजवल्या आणि तो पूर्ण बंद पद्धतीचा करून मला वापरायला दिला. "मामा, तू गाणं ऐकणारा माणूस आहेस. काय वाटतं ते खरं सांग," म्हणाला.

बंद हेडफोनची अडचण अशी की पडद्याच्या मागच्या बाजूनेही तेवढाच आवाज निघतो. त्याला बाहेर जायला वाट नसते. तो वाटीच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटला. मग भाच्याने वाटीच्या आतल्या भिंतीला मुलांच्या खेळण्यातली क्ले थापली. प्लास्टिकची थरथर कमी झाली, डबा गेला. पुढे मागच्या आवाजाला शोषून घेण्यासाठी कापूस. हा कापूस माझ्याच दवाखान्यातला! उत्साहाच्या भरात त्याने इतका कोंबला की गायक गादीखाली गातोय असे वाटू लागले. निम्मा काढला तेव्हा गळा मोकळा झाला. पडद्यामागच्या छिद्रांवर त्याने काय लावले असेल? मायक्रोपोर. सलाईनची सुई चिकटवायला आम्ही वापरतो तीच कागदी पट्टी. तिच्यातून हवा जाते, पण अडखळत जाते, आणि पडद्याच्या हालचालीला थोडा लगाम बसतो. एक थर की दोन, यावर आमच्या दोन रविवारच्या सकाळी गेल्या.

सगळ्यात मोठा फरक मात्र गाद्या बदलल्यावर पडला. मूळच्या पातळ गाद्या काढून जाड, मऊ फोमच्या लावल्या आणि तबल्याच्या बायाँला घुमारा आला. यात आश्चर्य काही नाही. खालचे सूर टिकायला गादी आणि कातडी यांच्यामध्ये फट राहता कामा नये. तुम्ही चष्मा लावत असाल तर एक प्रयोग करून बघा. बंद हेडफोन लावून गाणे ऐका आणि मध्येच चष्मा काढा. चष्म्याच्या काडीमुळे पडलेली फट बुजते आणि खर्ज भरून येतो. आम्हा डॉक्टरांना ही गोष्ट स्टेथोस्कोपने शिकवलेली असते. कानातली बोंडे सैल बसली की हृदयाचे खालच्या पट्टीतले आवाज आधी हरवतात.

असे करत करत हेडफोन खरेच छान झाला. पण एक खोट उरली.

कुमार गंधर्वांचे तानपुरे किती काटेकोर लागलेले असत हे त्यांच्या श्रोत्यांना माहीत आहे. त्यांचे एक जुने, मोनो ध्वनिमुद्रण मी नेहमी ऐकतो. मोनो म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकच आवाज, त्यामुळे तो डोक्याच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. गळा मधोमध होता. पण तानपुऱ्याच्या जवारीतून उठणारी ती झिलई, तारेवरची झळाळी, उजवीकडे सरकलेली. डावीकडे नुसता तारेचा देह, वरचे तेज नाही.

भाच्याला सांगितले. त्याने डावी वाटी उघडली, थोडा कापूस कमी केला. फरक नाही. पुन्हा उघडली, मायक्रोपोरचा एक थर काढला. फरक नाही. तिसऱ्यांदा सोल्डर तपासले. "मामा, मला तर दोन्ही बाजू सारख्या ऐकू येतात," तो म्हणाला. मी म्हणालो, "तुझा कान तयार नाही." हे वाक्य मी त्याला म्हणालो, याची आज लाज वाटते.

आवाज वाढवला की ती खोट कमी व्हायची, हेही माझ्या लक्षात आले होते. त्यामुळे मी आवाज वाढवत गेलो. हा हेडफोन फोनवर नीट वाजत नाही, त्याला छोटा अॅम्प्लिफायर लागतो. त्याचे बटण सुरुवातीला घड्याळाच्या नवाच्या जागी असायचे, महिन्याभरात ते बारापाशी आले. फेरफार केल्यामुळे वरच्या सुरांचा टोचरेपणा गेला होता, म्हणून इतका मोठा आवाजही खुपत नव्हता. खराब हेडफोन मोठ्याने लावला की तो फाटतो, आणि आपण आपसूक कमी करतो. चांगला हेडफोन अशी सूचना देत नाही. बाहेरचेही काही ऐकू येत नाही. "अहो, कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या," असे सौ. खांद्याला हात लावून सांगायची. रात्री झोपताना डाव्या कानात बारीक कुई असा आवाज यायचा. रुग्णाने सांगितला असता तर मी कान टवकारले असते. स्वतःच्या बाबतीत म्हटले, पंखा असेल.

एका संध्याकाळी हेडफोन चुकून उलटा घातला गेला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. तानपुरा लावला. वाटीत दोष असता तर झळाळी आता डावीकडे जायला हवी होती. ती उजवीकडेच होती.

मी हेडफोन काढून बराच वेळ हातात धरून बसलो. दुखऱ्या गुडघ्याबरोबर दुसरा गुडघाही तपासा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. तीन वेळा वाटी उघडायला लावली, आणि हा दहा सेकंदांचा प्रयोग मला सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी आठवले ते जास्त बोचणारे होते. माझ्या टेबलाशी रुग्णाची खुर्ची डाव्या हाताला आहे. दोन आठवड्यांपूर्वी एक आजी आल्या होत्या, हळू बोलणाऱ्या. उपाशीपोटीची साखर विचारली. मी कागदावर १०८ लिहिले, छान म्हणालो, गोळ्या आहेत तशाच ठेवल्या. त्या उठता उठता पिशवीतून रिपोर्ट निघाला, त्यावर १६० होते. त्या म्हणाल्या होत्या "एकशे साठ", मी ऐकले "एकशे आठ". तेव्हा वाटले, बाहेर गर्दी आहे, आजींचा आवाज बारीक आहे. आता बघा, 'साठ' आणि 'आठ' यांत फरक फक्त एका 'स'चा. आणि 'स'ची ताकद साधारण ४००० ते ८००० हर्ट्झ या वरच्या पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत असतात, म्हणून माणूस बोलतोय हे नीट कळते, काय बोलतोय हे निसटते. अशा माणसाला वाटते की आपल्याला ऐकू येते, लोकच पुटपुटतात.

माझ्या कान-नाक-घसातज्ज्ञ मित्राकडे ऑडिओग्राम केला. या तपासणीत साधारणपणे २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानाला अगदी हळू आवाजात ऐकवतात. उजव्या कानाचा आलेख माझ्या ५४ वर्षांना शोभेल असा. डाव्या कानाचा २००० पर्यंत ठीक, मग ४००० आणि ६००० ला खड्डा, ८००० ला पुन्हा थोडा वर. असा खड्डा दिसला की पहिला संशय मोठ्या आवाजाच्या माऱ्याचा. तरीही एकाच कानात दोष असल्यामुळे मित्राने एमआरआय करायला लावला. ऐकण्याच्या नसेजवळ गाठ असू शकते, ती नाही याची खात्री करावी लागते. ती नव्हती. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मी रुग्णांना "काळजी करू नका" हे वाक्य जरा जपून वापरले.

खड्डा का पडतो ते समजून घेऊ. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, तशी ही नळी ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि त्या पट्टीतला आवाज आपोआप मोठा करून आत पाठवते. मोठ्या आवाजाचा फटका त्याच्या जरा वर, ४००० च्या आसपास जास्त बसण्यामागे हे एक मोठे कारण आहे. आत शंखाकृती भागात केसपेशी असतात. प्रत्येक कानात आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. बाहेरच्या पेशी हळू आवाजाला जोर देतात, एक प्रकारचा अॅम्प्लिफायरच. माऱ्याने आधी बहुधा त्याच मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाला मात्र त्यांच्या मदतीची फारशी गरज नसते. म्हणून हळू आवाजात दोन कानांत फरक जाणवतो आणि आवाज वाढवला की तो बुजतो. माझे बटण नवावरून बारावर का गेले, ते आता तुमच्याही लक्षात आले असेल.

मित्राने विचारले, "बंदूक चालवलीस का कधी?" नाही. पण कॉलेजात असताना पाच वर्षे ढोल-ताशा पथकात होतो. उजव्या हातात टिपरू, डावा तळवा पानावर, आणि माझ्या जागेवर डाव्या बाजूला ताशांची रांग. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी कानात दडे बसायचे, ते सुटले की आपण बरे झालो असे वाटायचे. दडे सुटतात, पण प्रत्येक वेळी सगळ्या पेशी परत कामावर येतातच असे नाही. जुन्या नुकसानाला आता वयाची आणि माझ्या बटणाची जोड मिळाली.

मग ऐकायचे किती? कामाच्या ठिकाणी आवाजाची सर्वसाधारण मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी धरतात. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या हिशोबाने पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एकच. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, मुलांना ७५. घरी हे मोजणार कसे? मी शांत खोलीत, गाणे जेमतेम पोटभर ऐकू येईल इतक्यावर बटण ठेवले आणि तिथे मायक्रोपोरचा तुकडा चिकटवला. बाहेर ट्रॅफिक वाढला तरी बटण त्या तुकड्यापुढे जात नाही. यात बंद हेडफोन उपयोगी पडतो, कारण बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे हळू आवाजात भागते. बसमध्ये साध्या, सैल बसणाऱ्या इअरफोनने गाणी ऐकणारी मुले इंजिनाच्या आवाजावर मात करायला किती वाढवतात ते तुम्ही पाहिलेच असेल. (घामाच्या दिवसांत गाद्या पुसा, आणि कान वाहत असेल तर बंद हेडफोन लावूच नका.)

तुमचाही आवाज एका बाजूला झुकल्यासारखा वाटला तर हेडफोन उलटा करून बघा. झुकाव वाटीबरोबर गेला तर दुरुस्तीवाल्याकडे, कानाबरोबर राहिला तर आमच्याकडे. कधी कधी नुसता मळ निघतो आणि प्रश्न मिटतो. पण एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा रात्रीतून अचानक कमी झाले, तर मळ असेल म्हणून तेल घालत घरी बसू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवा, कारण त्यावरच्या उपचारात दिवस मोजले जातात.

भाच्याची मी माफी मागितली. तो हसला. पण तोही पथकात आहे, आणि ताशा वाजवतो. सराव सुरू व्हायच्या आधी त्याचा ऑडिओग्राम करून घेतला, सुदैवाने स्वच्छ आला. मग एका संध्याकाळी सरावाला निघताना तो दवाखान्यात डोकावला आणि बरणीतला कापूस कानात घालू लागला. म्हटले, अरे, हेडफोनच्या वाटीत तो चालतो, कानात त्याचा काही उपयोग नाही. फोमचे इअरप्लग दिले. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. पहिल्या दोन वेळा ते निसटून बाहेर आले. तिसऱ्यांदा बसले. तो काहीतरी मोठ्याने बोलला, मग स्वतःचाच आवाज डोक्यात घुमल्यामुळे दचकला.

रुग्णाची खुर्ची आता टेबलाच्या उजव्या बाजूला आहे, आणि आकडा मी रुग्णाकडून ऐकत नाही, रिपोर्ट हातात घेऊन वाचतो. आजींच्या गोळ्या त्याच दिवशी बदलल्या होत्या. रात्री तानपुरा लावतो तेव्हा झळाळी अजून उजवीकडेच असते. बटण तुकड्यापाशी थांबते.