मतभेदाला मिळालेली जागा: जुन्नरचे प्राथमिक शिक्षक आणि त्यांचे गट

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हटले की प्रोजेक्टर, टॅब, ॲप आणि चित्रफिती एवढ्याच वस्तू सामान्यतः डोळ्यांपुढे येतात. परंतु जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांपुरते पाहिले, तर गेल्या दहा-बारा वर्षांतील सर्वांत मोठा फरक शिक्षकांच्या आपापसांतील बोलण्यात पडला, असे म्हणावे लागते. लेण्याद्रीच्या डोंगराखाली, कुकडी नदीच्या खोऱ्यातील एका द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे पहिली ते चौथीचे सगळे वर्ग दोघांनीच सांभाळायच्या शाळेत, काम करीत असताना प्रस्तुत लेखकाला या बोलण्याचा जो अनुभव आला, त्याची ही नोंद आहे.

हे बोलणे नवे का होते, हे कळण्यासाठी आधीची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. आसपासच्या काही शाळा मिळून एक ‘केंद्र’ होते, त्यावर केंद्रप्रमुख असतात, काही केंद्रांच्या मिळून होणाऱ्या ‘बीट’वर विस्तार अधिकारी आणि तालुक्याला गटशिक्षणाधिकारी असतात. केंद्रातील शिक्षकांची दर महिन्याला होणारी बैठक म्हणजे शिक्षण परिषद. आदर्श पाठ, अनुभवांची देवाणघेवाण आणि अडचणींवरची चर्चा हा तिचा हेतू उत्तमच होता. तथापि प्रत्यक्षात परिपत्रकांचे वाचन, मागवलेल्या माहितीचे तक्ते आणि शेवटी चहा येत असताना विचारलेले ‘कुणाला काही शंका?’ एवढ्यावर बहुतेक परिषदा आटोपत. शाळातपासणीचा शेरा ज्यांनी लिहायचा तेच समोर बसलेले असल्यामुळे शंका कुणालाच नसे. गुरुजींच्या मनात मते नव्हती असे नाही. ती एसटीच्या थांब्यावर आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर व्यक्त होत, आणि तिथेच विरत.

त्यात जुन्नर तालुक्याची दोन तोंडे दोन दिशांना. पूर्वेकडे नारायणगाव, ओतूर, आळेफाटा हा कुकडी प्रकल्पाच्या धरणांवर पोसलेला ऊस, द्राक्षे आणि टोमॅटोचा पट्टा. पश्चिमेकडे आपटाळ्याच्या पुढे घाटघर आणि नाणेघाटापर्यंत महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या-वस्त्या. शेजारच्या आंबेगावातही मंचरची बाजारपेठ आणि डिंभे धरणामागचा आदिवासी भाग यांत असेच अंतर आहे. बागायती पट्ट्यातील शिक्षिका आणि घाटमाथ्यावरचा शिक्षक एकाच तालुक्यात वीस वर्षे नोकरी करूनही एखाद्या प्रशिक्षणाखेरीज एकमेकांसमोर येत नसत. याच तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे ही या परिसराची जमेची बाजू ठरली होती. शिक्षकांना मात्र त्याच डोंगररांगांत रेंज शोधत टेकाडे चढावी लागली, हा एक गमतीचा योग.

व्हॉट्सॲपवरील शिक्षकांचे गट या पार्श्वभूमीवर वाढले. २०१४ च्या अखेरीस एका गटाची सदस्यमर्यादा १०० झाली, २०१६ च्या आरंभी ती २५६ वर गेली, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, योगायोगाने शिक्षकदिनी, जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. त्याआधी २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला होता आणि प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे या आग्रहामुळे ‘इतर शाळा काय करतात’ हे जाणून घेण्याची निकड सर्वांनाच भासू लागली होती. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी उभे केलेले ज्ञानरचनावादी काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. ज्ञानरचनावाद म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, ते त्याच्यात ओतता येत नाही, असे मानणारी भूमिका. दुसरीकडे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभारला होता, आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देत होते. ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारखे राज्यव्यापी समूह आणि तालुक्या-तालुक्यांतले लहान गट यांतून या सगळ्या प्रयोगांची छायाचित्रे, पीडीएफ आणि चित्रफिती फिरत. नुसते फिरण्यात विशेष काही नव्हते, कारण ‘खूप छान सर’ आणि टाळ्यांचे हात याने कुणाचे शिकवणे सुधारत नाही. महत्त्वाचे होते ते त्यांवर निघालेले आक्षेप.

अशा एका चर्चेचे उदाहरण थोडे तपशिलाने द्यायला हवे. बागायती पट्ट्यातील एका शिक्षकाने ५२ मधून २७ वजा करण्याची चित्रफीत स्वतः तयार करून गटावर टाकली. तिच्यात पाच दशकांचे गठ्ठे आणि दोन सुटे दिसत, सुट्या दोनांतून सात जात नाहीत म्हटल्यावर एक गठ्ठा आपोआप उलगडे, दहा काड्या टुणटुण उड्या मारत सुट्यांत येत आणि उत्तर पंचवीस निघे. कौतुकाचा पाऊस पडला. तेवढ्यात घाटाकडच्या एका वाडीवरील शिक्षिकेने लिहिले की गठ्ठा आपोआप उलगडतो हाच या चित्रफितीचा दोष आहे, कारण वजाबाकीत मुलाने करायची खरी कृती ती एकच आहे आणि नेमकी तीच पडदा करून टाकतो. त्यांच्या वर्गात कारवीच्या सुकलेल्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे होते. रबर काढायला मुलाला वेळ लागतो, काड्या जमिनीवर पसरतात, आणि ‘आता हा दशक राहिला नाही’ हे त्याला बोटांतून समजते, असे त्यांचे म्हणणे होते.

चित्रफीत करणाऱ्याला हे झोंबले, हे पुढच्या संदेशांवरून स्पष्ट दिसत होते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या हाती काड्या देणे कागदावर सोपे असते, असे त्याने उत्तर दिले. दोनआकडी पटाच्या शाळांनी मोठ्या शाळांना शिकवू नये, असाही सूर कुणीतरी लावला. त्यावर एका ज्येष्ठ गुरुजींनी, ज्यांनी गटावर तोवर सुप्रभात आणि जयंतीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिले नव्हते, वेगळाच प्रश्न काढला: ज्या मुलाला वजाबाकी मुळीच कळलेली नाही त्याच्यासाठी ही चित्रफीत आहे, की कळलेली पक्की करण्यासाठी? रात्री उशिरापर्यंत लोक यावर लिहीत राहिले. दोन-तीन दिवसांनी त्याच शिक्षकाने सुधारलेली चित्रफीत टाकली. तिच्यात गठ्ठा उलगडण्याआधी पडदा थांबतो आणि आता काय करायचे असे मुलांना विचारतो. ‘मॅडमच्या सांगण्यावरून’ एवढे दोनच शब्द सोबत होते. शिक्षण परिषदेत असा प्रसंग घडणे अशक्यच होते. तेथे ती चित्रफीत ‘उपक्रम’ म्हणून नोंदली गेली असती आणि मॅडम गप्प बसल्या असत्या.

वजाबाकीचा हाच धागा पुढे २०१९ च्या जूनमध्ये साऱ्या महाराष्ट्राने ओढला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘वीस सात’, ‘पन्नास दोन’ असेही दिलेले होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची भूमिका अशी होती की ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी उच्चारला जातो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यात जोडाक्षरांची भर पडते, म्हणून लहान मुले अडखळतात. दाक्षिणात्य भाषांत दशक आधी बोलला जातो आणि तिथे ही अडचण येत नाही. वृत्तवाहिन्यांवर आणि विधानसभेत या विषयाची टिंगल झाली. फडणवीस या आडनावाचे ‘फडण दोन शून्य’ करून अजित पवारांनी सभागृहाला हसवले. गंभीरपणे कुणी बोलले असेल तर ते, प्रस्तुत लेखकाच्या मते, दुसरीचा वर्ग शिकवणाऱ्यांच्या गटांत. काहींनी मुलांना श्रुतलेखनात ‘सत्तावीस’ सांगून पाहिले आणि ७२ असे लिहिलेल्या पाट्यांची छायाचित्रे टाकली. दुसऱ्या बाजूने तितकाच सरळ मुद्दा आला, की नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेटचा भाव कुणी ‘वीस सात’ सांगत नाही, आणि बापाबरोबर बाजारात जाणाऱ्या मुलाला दोन गणिते शिकायला लावणे म्हणजे अडचण हलवणे आहे, मिटवणे नव्हे.

मग कुणीतरी नाणेघाट आणला. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील ब्राह्मी लेखात यज्ञांतील दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत, आणि भारतातील संख्याचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ते मोडतात. त्या पद्धतीत शून्य आणि स्थानिक किंमत नाहीत. स्थानिक किंमत म्हणजे अंकाचे मूल्य त्याच्या जागेवरून ठरणे. दहा, वीस, शंभर, हजार यांना तिथे स्वतंत्र चिन्हे आहेत आणि दशकाच्या चिन्हापुढे एककाचे चिन्ह मांडून संख्या पुरी होते. म्हणजे आपल्याच तालुक्यातील दगडावर ‘वीस सात’ कोरलेले आहे, असा दावा उत्साहाने केला गेला. आणि लिहिण्याची रीत बोलण्याची रीत सिद्ध करीत नाही, त्या काळचे लोकही तोंडाने वेगळे म्हणत असतील, असे सांगून तो तितक्याच उत्साहाने खोडला गेला. वाद मिटला नाही. आजही काही वर्गांत मुलांना आधी दशक मोजून मग रूढ नाव सांगण्याची सवय लावली जाते, काही वर्गांत ते पान उलटून पुढे जातात.

ओळखी मात्र अशाच वादांतून जुळल्या. कारवीच्या काड्यांची मागणी पूर्वेकडच्या शाळांतून आली आणि त्या पोत्याने खाली उतरल्या. बदल्यात एका वाडीला जुना, चालू स्थितीतला प्रोजेक्टर मिळाला. लोकवर्गणीचे मार्गही गटांतूनच कळत. मुंबईतील डबेवाल्यांपैकी पुष्कळ जण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतले असल्यामुळे गावच्या यात्रेला आलेल्या मुंबईकरांकडून शाळेसाठी टीव्ही संच मिळवायचा कसा, पावती कुणाच्या नावे करायची, याचे अनुभव मोलाचे ठरत. या भागाला ही रीत नवी नाही. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील लेख सांगतो की ते चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या (सोनाराच्या) मुलाचे, सुलसदत्ताचे दान आहे. बंदरात कमावलेला पैसा घाट चढून याच खोऱ्यात येत होता.  अर्थात दात्याचे नाव मोठे कोरायचे की शाळेचे, यावरही गटात कडाक्याचे भांडण झाले आहे.

हे मोकळेपण फार टिकले नाही, आणि त्याचे कारण गटांच्या यशातच शोधावे लागते. सर्व शिक्षक एका जागी सापडतात हे ध्यानात आल्यावर माहिती मागवण्यासाठी तीच जागा सोयीची ठरली. २०१६ च्या अखेरीस विद्यार्थ्यांबरोबर सेल्फी काढून तो ऑनलाइन भरण्याचा आदेश निघाला, तेव्हा रेंज नसलेल्या शाळांनी काय करायचे यावर गट अक्षरशः पेटले होते आणि पुढे त्या आदेशाला स्थगितीही मिळाली. परंतु पुढच्या काळात ‘आजच’, ‘तात्काळ’, ‘लिंक भरून स्क्रीनशॉट टाकावा’ या संदेशांखाली चर्चा दबत गेली. अधिकारी सदस्य झाले, त्यामुळे शिक्षण परिषदेतले मौन गटांतही उतरले. कित्येक गटांवर फक्त ॲडमिनने लिहायचे अशी सोय केली गेली. शिस्तीच्या दृष्टीने ती समजण्यासारखी असली, तरी ज्यांनी कारवीच्या काड्यांचा वाद पाहिला होता त्यांना गटाचा फलक झालेला पाहवत नव्हता.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि काही महिने सगळे पुन्हा ढवळून निघाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज दीक्षा या राष्ट्रीय मंचावरील दुवे घेऊन मोबाइलवर येई, जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पश्चिमेकडच्या वाड्यांत घरटी एक मोबाइल, तोही बापाबरोबर रानात किंवा मजुरीला गेलेला, अशी स्थिती होती. तेव्हा ‘ऑनलाइन शिकवले’ अशी नोंद करायची की नाही, हा प्रश्न एका शिक्षिकेने उघड विचारला. काहींनी आकडे भरणे ही नोकरीची गरज आहे असे सांगितले. काहींनी ओसरीवर पाच-सहा मुले बसवून, वाडीतल्या बारावी झालेल्या मुलीच्या मदतीने घेतलेल्या अभ्यासाची टिपणे टाकली आणि यालाच काय म्हणायचे ते तुम्ही ठरवा, असे लिहिले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ जणांत वाटण्याचे सांगितले, त्या रात्री मात्र वाडीवरचे आणि बाजारगावातले सगळेच एका सुरात होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, क्यूआर कोड उघडायला मोबाइल कुणाचा, या प्रश्नावर पुन्हा दोन तट पडले.

आज चर्चा चालते ती अधिकृत गटांबाहेर, वीस-पंचवीस जणांच्या लहान गटांत, आणि पुष्कळदा आवाजी संदेशांतून, कारण घाटघरच्या बाजूला राहणाऱ्यांना रेंज असलेल्या वळणावर गाडी थांबवून बोलणे टाइप करण्यापेक्षा सोपे जाते. सध्याचा विषय कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेल्या प्रश्नपत्रिका हा आहे. एका सदस्याने तिसरीच्या भाषेची तयार प्रश्नपत्रिका टाकली. उताऱ्यातले मूल मेट्रोने बागेत जात होते आणि सुट्टीत आइस्क्रीम खात होते. उताऱ्यात बदल करून घेता येतो, असे टाकणाऱ्याचे म्हणणे. बदल काय करायचा हे ज्याला कळते त्याला उतारा लिहायला अर्धा तासही लागत नाही, असे वाडीवरच्या मॅडमचे. अर्धा तास कुणाकडे उरला आहे, असे तिसऱ्याने विचारले असून त्यावर उत्तरे येत आहेत.